देशपांडे सापडेनात: वाचनालयाची तालिका संगणकावर आणतानाच्या नोंदी

एम.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, शेवटच्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. बहुतेकजण प्रश्नावली वाटतात, टक्केवारी काढतात, बाइंडिंग करून मोकळे होतात. मी आमच्या गावच्या वाचनालयाची तालिका, म्हणजे पुस्तकं शोधायची सूची (कॅटलॉग), संगणकावर आणायची ठरवली. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, 'ब' वर्गाचं वाचनालय. दाखल नोंदवहीप्रमाणे (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक देणारी वही) पुस्तकं साडेअकरा हजारांच्या वर. त्यातलं फक्त मराठी ललित घेतलं: कथा, कादंबरी, नाटक, कविता. समितीने पाच हजार रुपये मंजूर केले. हाताशी ४ जीबी रॅमचा एक जुना संगणक, माझा लॅपटॉप, माझा मोबाइल, ग्रंथपाल मॅडम आणि देवघेवीच्या टेबलावरचे मामा. सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालायचा नाही ही अट माझीच. ज्यांना आपापल्या गावी हेच करायचंय त्यांच्यासाठी या नोंदी, चुकांसकट.

२ डिसेंबर २०२४

सुरुवात गूगल फॉर्मने. कपाटासमोर उभं राहायचं, पुस्तक काढायचं, मोबाइलवर नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, दाखल क्रमांक भरायचा. संध्याकाळपर्यंत ४१ पुस्तकं. मामांनी दुपारी स्टूल आणून दिलं, "ताई, उभ्यानं किती दिवस करणार?"

फॉर्म हे या कामाचं साधन नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. 'पाठवा' दाबलं की नोंद हातातून गेली. चूक सुधारायची तर शीटमध्ये जाऊन ती ओळ हुडकायची. शिवाय लेखकाचं नाव दरवेळी नव्याने टाइप होतं. ४१ पुस्तकांत एकाच लेखकाची चार रूपं झाली: पु. ल. देशपांडे, पु.ल. देशपांडे, पु ल देशपांडे, देशपांडे पु. ल.

३ डिसेंबर

फॉर्म सोडला. थेट गूगल शीट, आणि मोबाइलवर बोलून टंकन. वेग एकदम दिवसाला शंभरच्या वर. आद्याक्षरं मात्र बोलून येत नाहीत. 'चिं. त्र्यं.' म्हटल्यावर मोबाइलने जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दाखल क्रमांक बोलले तर कधी देवनागरी आकड्यांत उमटतात, कधी इंग्रजी. दिसायला दोन्ही ठीक. क्रमवारी लावली तेव्हा देवनागरी आकडेवाली पुस्तकं सगळी एका टोकाला गोळा झाली, कारण शीटच्या लेखी ती संख्या नाहीतच, मजकूर आहे. आता नियम केला: पुस्तकावर, वहीत काहीही असो, शीटमधला दाखल क्रमांक इंग्रजी आकड्यांतच आणि हातानेच भरायचा.

७ डिसेंबर

कॉलेजात शिकलो होतो की आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, स्कॅन केला की नोंद आयती मिळते. मिळते, पण इंग्रजी पुस्तकांची. आमच्या कपाटांत निम्म्याहून जास्त पुस्तकांवर आयएसबीएनच नाही. ज्यांच्यावर आहे त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जुना दहा आकडी, कारण तेरा आकडी जानेवारी २००७ पासून लागू झाला. ओपन लायब्ररी आणि गूगल बुक्स दोन्हीकडे विचारून पाहिलं. ६० क्रमांकांपैकी ९ सापडले, त्यातल्या तिघांचं नाव रोमनमध्ये.

वर एक्सेलने हात दाखवला. शीट उतरवून एक्सेलमध्ये उघडली तर तेरा आकडी क्रमांकांचं '९.७८ई+१२' असं झालं होतं. तसंच सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) सेव्ह केलं असतं तर शेवटचे आकडे कायमचे गेले असते. रकाना आधी 'मजकूर' म्हणून ठरवायचा, मगच आकडे टाकायचे. शेवटचा आकडा तपासणीचा असतो, त्याचाही सूत्र लावून उपयोग केला: पहिले बारा आकडे आलटूनपालटून १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा. त्यात माझ्या टंकनाच्या १७ चुका निघाल्या. दोन पुस्तकांवर मात्र छापलेलाच क्रमांक चुकीचा होता.

११ डिसेंबर

चहाच्या वेळी मॅडम सहज म्हणाल्या, "अगं, ती सीडी बघितलीस का?"

कुठली सीडी?

२००६ साली कुणीतरी ललित पुस्तकांची यादी टाइप करून ठेवली होती. टेबलाच्या खणात, पावती पुस्तकांखाली. नाव, लेखक, दाखल क्रमांक, सगळं त्यात. आणि मी नऊ दिवसांत ६०० पुस्तकं नव्याने भरून बसले होते. पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायला हवा होता: याआधी कुणी काय करून ठेवलंय? मी तो विचारला नाही, कारण मला वाटत होतं की सुरुवात माझ्यापासून आहे. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. स्टेशनरीवाल्याने वीस रुपये घेऊन फाइल काढून दिली.

१२ ते १४ डिसेंबर

फाइल उघडली तर सगळे रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे तुकडे. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा फॉन्ट. त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षर नसायचंच, इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असायचा. फॉन्ट गेला की मराठी गेली.

असे फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारी पानं वेबवर असतात. मला हवं होतं त्या पानाचा पत्ता जुन्या चर्चांत सापडला, पण पान बंद. मग तो पत्ता वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जतन करणाऱ्या संकेतस्थळावर) टाकला. जतन केलेली प्रत मिळाली आणि चक्क चाललीही. ते रूपांतर सर्व्हरवर होत नव्हतं, सगळी जावास्क्रिप्ट पानातच होती, म्हणून. पान लगेच लॅपटॉपवर उतरवून ठेवलं. या प्रकल्पात सर्वात उपयोगी पडलेलं साधन कुठलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, आणि कोर्समध्ये त्यावर अर्धा तासही कुणी घालवत नाही.

रूपांतर नव्वद टक्के बरोबर. उरलेल्या दहा टक्क्यांत गंमत होती. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. साध्या अक्षराला कन्व्हर्टर सांभाळून घेतो, जोडाक्षराला फसतो. 'स्थिती'चं 'िस्थती' होतं, वेलांटीखाली ठिपक्यांचं वर्तुळ. रफाराचंही तेच. नियमाने शोधून बदललं: वेलांटी, मग व्यंजन-हलन्ताची जोडी, मग व्यंजन, असं दिसलं की वेलांटी उचलून शेवटी. पाचशेच्या आसपास शीर्षकं सुधारली. उरलेली डोळ्यांनी.

यादी कपाटांशी ताडून पाहिली. १,७४२ पुस्तकं जुळली. माझी आधीची मेहनत दुहेरी झाली होती तेवढ्या ओळी उडवल्या.

१९ डिसेंबर

यादीत नसलेल्या पुस्तकांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस. हसू नका. या ग्रंथालयाचं दिल्लीला १९६२ पासून कार्यालय आहे आणि ते मराठी पुस्तकं नियमाने विकत घेतं. सुरुवातीच्या वर्षांत हा पैसा पीएल-४८० चा होता. ज्या अमेरिकी कायद्याखाली आपल्याकडे तिकडचा गहू आला, त्याच्याच रुपयांतून आपली पुस्तकं तिकडे गेली. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातल्या कादंबऱ्यांच्या व्यवस्थित, वर्गांकासकट नोंदी तिथे आहेत, ज्या आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीत.

मार्कएडिट हे ग्रंथालयाच्या नोंदी हाताळायचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घातलं. त्यातून झेड३९.५० ने (दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेत शोधायची ठरलेली पद्धत) थेट तिकडची तालिका शोधता येते. तासभर काहीच सापडेना. देशपांडे घातलं की फक्त इंग्रजी पुस्तकं. मग लक्षात आलं की तिथे मराठी नावं त्यांच्या ठरलेल्या रोमन पद्धतीने लिहिलेली आहेत. 'श'ला 'एस-एच' नाही, डोक्यावर रेघ दिलेला नुसता 'एस'. 'च'ला 'सी-एच' नाही, नुसता 'सी'. शेवटचा न उच्चारलेला 'अ'सुद्धा लिहितात. रेघा-टिंबं शोधताना वगळली तरी चालतात, पण 'एच' घातला की संपलं. हे कळल्यावर दिवसाला ६०-७० नोंदी मिळू लागल्या. एकूण ३८८ कामाच्या.

२१ डिसेंबर

नोंदी रोमनमध्ये, आम्हाला हव्या देवनागरीत. अक्षरमुख हे संकेतस्थळ लिपी बदलून देतं. टाकलं, मिळालं, झकास. घाईने वाचलं आणि शीटमध्ये चिकटवलं.

संध्याकाळी शीटमध्ये 'देशपांडे' शोधलं तर ३८८ मधला एकही देशपांडे नाही. असायला तर हवे होते. होतेही, पण 'देशपाण्डे' होऊन. रोमन करताना अनुस्वार तसा राहत नाही, पुढच्या अक्षराच्या वर्गातलं अनुनासिक होतं: 'पां' नंतर 'ड' म्हणून 'ण्'. परत देवनागरीत आणलं की पाण्डे, निबन्ध, सम्पादक, इन्द्र. चुकीचं नाही, पण आज मराठीत असं कोण लिहितं?

शोधा-आणि-बदला लावलं: न्, म्, ण्, ञ्, ङ् दिसला की अनुस्वार. परिणाम: अन्नचं 'अंन', जन्मचं 'जंम', तुम्हीचं 'तुंही', आणि एम.लिब.च्या विद्यार्थिनीला शोभेल असं वाङ्मयचं 'वांमय'. मागे फिरले. बरोबर नियम शाळेतलाच आहे: अनुनासिकानंतर त्याच वर्गातलं पहिल्या चारपैकी अक्षर असेल तरच अनुस्वार. ण्-ला ट ठ ड ढ, न्-ला त थ द ध, म्-ला प फ ब भ. पाच ओळींचा नियम, पाच मिनिटांत काम. त्याआधी गेलेला वेळ चार तास.

२४ डिसेंबर

आजचा दिवस वाया. मार्कएडिटसाठी शीटची सीएसव्ही काढली आणि डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', मागे जपानी येनचं चिन्ह, पुन्हा रेघेचा 'ए'. ओळीच्या ओळी तशाच. घाबरून दुसऱ्या मार्गाने उघडली, मराठी दिसली, दोन चुका दुरुस्त केल्या, साध्या सीएसव्हीत सेव्ह केली. पुन्हा उघडली तर सगळीकडे फक्त प्रश्नचिन्हं. आणि घाईत तीच फाइल मी वर चढवून मूळ शीटवर बदलून टाकली.

वाचवलं ते गूगल शीटच्या आवृत्ती-इतिहासाने. दुपारी तीनची प्रत परत आणली. तरी संध्याकाळी भरलेली ३५ पुस्तकं गेली.

आता भिंतीवर चिकटवलंय: सीएसव्हीवर डबल-क्लिक करायचं नाही. एक्सेल आधी उघडा, 'डेटा'मधून फाइल आत घ्या, यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) निवडा. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८'च. जमल्यास एक्सेलला हातच लावू नका, लिबरऑफिस उघडतानाच विचारतं.

२ जानेवारी २०२५

कोहा. ग्रंथालय चालवायचं फुकट सॉफ्टवेअर. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी बनवलेलं, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० सालात चालणार नव्हती. छोट्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या गरजेतून आलंय ते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं ई-ग्रंथालय हाही पर्याय होता, पण कॉलेजात कोहा शिकवलं आणि अडलं तर विचारायला वर्गमैत्रिणी आहेत.

वाचनालयाच्या संगणकावरचं विंडोज पुसून डेबियन (फुकट लिनक्स) घातलं. ४ जीबीवर कोहा उभं राहिलं, पण पान उघडायला वीस-बावीस सेकंद. आणखी ४ जीबी जुनी रॅम ७०० रुपयांत मिळाली. आता तीन-चार सेकंद. ज्यांच्याकडे २ जीबी आहे त्यांनी प्रयत्नही करू नये.

६ जानेवारी

पहिली ३०० नोंदींची तुकडी आत. तालिकेत ३०० शीर्षकं दिसली, प्रत्येकाखाली 'प्रत उपलब्ध नाही'. शीर्षकाची नोंद वेगळी आणि प्रतीची वेगळी. नोंदीच्या रकान्यांना क्रमांक असतात, त्यांना क्षेत्र म्हणतात. प्रतीची माहिती ९५२ क्षेत्रात जाते, आणि त्यात ग्रंथालयाचा संकेत दोनदा (मूळ घर आणि सध्याचं ठिकाण) व पुस्तकाचा प्रकार नसेल तर प्रतच तयार होत नाही. मी प्रकार दिला होता, संकेत दिला नव्हता. कोहात आत घेतलेली तुकडी परत मागे घेता येते, हे देवाचे आभार. दुसऱ्या वेळी ००८ क्षेत्रातली भाषा 'इंग्रजी' राहून गेली, तिसऱ्या वेळी जमलं.

९ जानेवारी

देवनागरीत काहीही शोधा, निकाल शून्य किंवा भलताच. रोमन शीर्षकं मात्र सापडतात.

तीन दिवस गेले यात. दोष ना कोहाचा ना माझ्या नोंदींचा. कोहा शोधासाठी झेब्रा नावाचं शोधयंत्र वापरतं आणि झेब्राची मुळातली अक्षरतालिका लॅटिन लिपीच्या हिशेबाने आहे. आपल्यासारख्या लिपीला आयसीयू या, युनिकोडमधल्या सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या, पद्धतीची इंडेक्सिंग (शोधासाठीची सूची) चालू करावी लागते. सेटिंग फाइलमध्ये जुन्या तालिकेच्या ओळीऐवजी आयसीयूची ओळ, मग पूर्ण इंडेक्स नव्याने. ही शेवटची पायरी मी पहिल्यांदा केली नाही आणि आणखी एक संध्याकाळ 'काही फरक पडत नाही' म्हणत बसले. कोहा-रिबिल्ड-झेब्रा ही आज्ञा 'पूर्ण' पर्याय देऊनच चालवा.

रात्री साडेनऊला 'नाटक' टाइप केलं आणि यादी आली. मामा कुलूप घेऊन दारात उभे होते.

१५ जानेवारी

मॅडम स्वतः बसल्या. ज्या शीर्षकात 'दुसऱ्या' आहे असं एक पुस्तक त्यांनी शोधलं. नाही. "अगं, कालच मी हे परत घेतलंय, तिसऱ्या कपाटात आहे."

होतं. नोंदही होती. शीर्षक दिसत होतं, अक्षर न् अक्षर सारखं. मग दोन्ही 'दुसऱ्या' युनिकोडचे संकेत दाखवणाऱ्या एका पानावर चिकटवले. मोबाइल कीबोर्डचा 'ऱ्या': ऱ, हलन्त, य, काना. २००६ च्या यादीतून कन्व्हर्टरने काढलेला: साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, य, काना. पडद्यावर एकच आकार, आत वेगळे संकेत. संगणकासाठी 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन वेगळे शब्द.

हे कळल्यावर आणखी शोधत गेले. 'ॲ'चंही तेच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र देतात, काहीजण हिंदीचं 'ऍ' वापरतात. माझ्याच शीटमध्ये तिन्ही होते, कारण लॅपटॉप आणि मोबाइल वेगवेगळं टाइप करतात.

दुरुस्ती दोन ठिकाणी. नोंदींत एकच रूप ठेवलं: ऱ आणि ॲ. आणि आयसीयूच्या नियमफाइलमध्ये बाकीची रूपं याच रूपाकडे वळवली, म्हणजे वाचकाने काहीही टाइप केलं तरी चालेल. फक्त नोंदी स्वच्छ करून भागत नाही, वाचकाचा कीबोर्ड आपल्या हातात नसतो.

मॅडमना हे समजावताना त्या मध्येच म्हणाल्या, "म्हणजे दिसायला जुळ्या, पण आधार कार्ड वेगळं." इतकं चांगलं मला सांगता आलं नव्हतं.

१९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांचा वेगळा घोळ. शीर्षकात न उच्चारले जाणारे अनुस्वार: 'चें', 'तें', 'कांही'. नोंद छापलंय तशीच करायची, हा तालिकीकरणाचा नियम. पण आज 'काही'वर अनुस्वार कोण टाइप करेल? म्हणून २४६ क्षेत्रात आजचं रूप दुसरं शीर्षक म्हणून दिलं. अशी १३६ पुस्तकं. दीड दिवस.

२३ जानेवारी

लेखकांच्या नावांसाठी ओपनरिफाइन. सारखी वाटणारी नावं ते आपणहून गठ्ठ्यांत आणून दाखवतं. 'फिंगरप्रिंट' पद्धतीत विरामचिन्हं काढून शब्द अक्षरक्रमाने लावतात, त्यामुळे 'देशपांडे, पु. ल.' आणि 'पु. ल. देशपांडे' लगेच एकत्र येतात. पण 'पु.ल.' असं जोडून लिहिलं की टिंबं निघून 'पुल' हा एकच शब्द होतो आणि ते नाव वेगळंच पडतं. आधी प्रत्येक टिंबानंतर एक जागा सोडून घेतली, मग गठ्ठे केले. ९१० नावांची ६४० झाली.

सावध राहा. दुसरी, अक्षरांचं अंतर मोजणारी पद्धत मी जोशात वापरली आणि आडनाव एक, आद्याक्षर वेगळं अशा लोकांना तिने एकत्र केलं. व. जोशी आणि वि. जोशी यांत तिच्या मते एका वेलांटीचा फरक. मॅडमनी यादी वाचून अशा सात जोड्या सोडवल्या.

३ फेब्रुवारी

टोपणनावं. कविता कुसुमाग्रजांच्या, नाटकं-कादंबऱ्या वि. वा. शिरवाडकरांच्या. कविता आरती प्रभूंच्या, कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या. राम गणेश गडकरी तर तीन: नाटकात गडकरी, कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. नियम सांगतो की लेखकाने जाणूनबुजून दोन ओळखी ठेवल्या असतील तर दोन्ही शीर्षनावं ठेवा आणि 'हेही पहा'ने जोडा. मी सुरुवातीला सगळं एका नावाखाली आणलं होतं. मॅडमनी कवितांच्या कपाटाकडे बोट दाखवलं: "इथे येऊन कुणी शिरवाडकर मागत नाही." परत वेगळं केलं, जोडलं. पडताळणीसाठी विकिडेटा आणि मराठी विश्वकोश, दोन्ही उघडे ठेवून.

१० ते १४ फेब्रुवारी

बारकोड लेबलं. कोहाच्या लेबल-छपाईत मराठी अक्षरं फुटली, जोडाक्षरांचे तुकडे झाले. म्हणून कोहातून फक्त यादी काढली आणि लिबरऑफिसच्या मेल-मर्जने लेबलं छापली. एका पानावर ४० लेबलं. पहिली ११ पानं वाया गेली, कारण प्रिंटर पान दोन मिलिमीटर वर ओढतो आणि बारकोड लेबलाच्या कडेवर येतो. आधी साध्या कागदावर छापून उजेडात धरून पाहा.

लेबल आतल्या पानावर, मुखपृष्ठावर नाही. आणि वरून पारदर्शक पट्टी. मामांनी चार दिवसांत ३,१८४ पुस्तकांपैकी जवळजवळ दोन हजार लावली, माझ्यापेक्षा सरळ.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम, त्यातच तालिकेचं उद्घाटन. अध्यक्षांच्या भाषणानंतर नववीतली एक मुलगी पुढे आली आणि रोमन अक्षरांत 'कुसुमाग्रज' टाइप केलं. शून्य. सभागृह शांत.

अडीच महिने मी देवनागरीशी झुंजत होते आणि वाचक व्हॉट्सॲपवर जसं लिहितो तसंच इथे लिहिणार, ही गोष्ट डोक्यात आलीच नव्हती. संगणकाच्या कीबोर्डवर मराठी अक्षरंही नाहीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं रोमन होतं, पण ते फक्त ३८८ नोंदींना, आणि त्या पद्धतीने आपल्याकडे कुणीच लिहीत नाही.

१ ते ४ मार्च

दोन उपाय. पहिला: ६४० लेखकांच्या नाव-नोंदींत लोक लिहितात ते रोमन रूप 'पाहा' (याऐवजी मूळ नाव पाहा) म्हणून घातलं, 'श'ला 'एस-एच' लावून, शेवटचा 'अ' सोडून. मैत्रिणीला बसवलं, ती न विचार करता टाइप करते, तेच हवं होतं. शोधात ही रूपं धरायची सेटिंग चालू केली, पुन्हा पूर्ण इंडेक्स. दुसरा: वाचनालयाच्या वायफायवर तालिका मोबाइलमध्ये उघडते, त्याचा क्यूआर कोड टेबलावर चिकटवला. प्रत्येकाच्या मोबाइलला मराठी कीबोर्ड असतोच. आता संगणकासमोर कुणी बसत नाही, रांगेत उभं राहून मोबाइलवर शोधतात.

८ मार्च

खर्च. बारकोड रीडर १,६५०, रॅम ७००, लेबल पानं १०० नग ६२०, पारदर्शक पट्टी १४ रिळं ६३०, बॅकअपचा पेन ड्राइव्ह ४५०, टोनर भरणं ४००. एकूण ४,४५०. उरलेले ५५० समितीला परत. सीडीचे वीस रुपये माझे.

३,१८४ पुस्तकांपैकी १,७४२ जुन्या यादीतून, ३८८ लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदींतून, १,०५४ हाताने. वाया गेलेला वेळ नोंदींवरून मोजला: सुमारे १९ दिवस. त्यातले तीन झेब्राचे, दोन सीएसव्हीचे. सर्वात मोठा तुकडा सीडीबद्दल न विचारल्याचा.

१५ मार्च

बॅकअप रोज रात्री आपोआप पेन ड्राइव्हवर जातो. मामांनी शनिवारी तो घरी न्यायचा आणि सोमवारी आणायचा. पुराचं पाणी इथल्या तळमजल्याने पाहिलेलं आहे.

दाखल नोंदवहीत असलेली पण कपाटात नसलेली २७३ पुस्तकं निघाली. मॅडम ती यादी घेऊन बसल्या आणि पेनने समोर नावं लिहू लागल्या, कुणाकडे गेलंय त्याची. ४० पर्यंत त्यांना आठवलं. बाकीची निर्लेखनाला (नोंदवहीतून कायमची काढायला) जातील, समितीच्या बैठकीत.

२२ मार्च

प्रबंध जमा झाला. दिवाळी अंक अजून बाकी आहेत. मला ते नियतकालिक म्हणून एका नोंदीत टाकायचे आहेत. मॅडमना आतल्या प्रत्येक कथेची लेखकासकट नोंद हवी, कारण लोक येऊन कथाच मागतात. त्यांचं बरोबर आहे, पण तेवढे हात नाहीत. आज त्यांनी १९८७ चा गठ्ठा सोडून टेबलावर ठेवला. पहिल्याच अंकाचं मुखपृष्ठ आणि पुढची चार पानं गेलेली आहेत, त्यामुळे कुठला अंक ते कळत नाही.